जोडाक्षरांपुरती जागा

“पुन्हा म्हणायला लाव,” शेवाळेबाई म्हणाल्या.

मी पाटीच्या सहा कळांवर ‘पुस्तक’ हा शब्द उमटवला. पाटीतून बाईंचाच आवाज आला, “पुसतक.”

“आता ‘चंद्र’.”

“चंदर.”

“‘प्रश्न’ घे बरं.”

“परशन,” पाटी म्हणाली. बाईंनी तळहात वर करून मला थांबवलं.

“अगं नीलिमा, आवाज माझा आणि जीभ कुणाची ही? असं बोलणाऱ्याला मी वर्गात पाच वेळा म्हणायला लावते.”

“जागा नाही बाई,” मी म्हटलं. “जोडाक्षरांचे आवाज तुम्ही दिलेत, ते सगळे माझ्याकडे आहेत. पण पाटीत मावत नाहीत.”

“मावत नाहीत म्हणजे? जोडाक्षरं काय कुणी मराठीला वरून चिकटवलीत? माझ्या पोरांनी जन्मभर ‘परशन’ म्हणायचं का?”

गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला प्रफुल्ल खुर्ची मागं रेलून बसला होता, तो हसला. “बाई, हिलाच रागवा. जागा काढणं हिच्या हातात आहे. मी नुसता विकणारा माणूस.”

ही गोष्ट दोन हजार पाच सालची, ऑगस्टमधली. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या एका कारखान्याला लागून आमचा गाळा होता. प्रफुल्ल बोरस्ते आणि मी इंजिनीअरिंगला एका वर्गात होतो. तो पिंपळगावचा, मी सटाण्याची. दोघंही पुण्याच्या नोकऱ्या सोडून आलो होतो. कंपनी कागदावर त्याची होती, पण आम्ही दोघंही ‘आपली कंपनी’ म्हणायचो, आणि मला त्यात कधी खोट दिसली नाही.

आम्ही बनवत होतो ती अंध मुलांसाठीची बोलकी पाटी. ब्रेलचे सहा ठिपके म्हणून सहा कळा. मुलानं कळा दाबून शब्द लिहायचा आणि पाटीनं तो मोठ्यानं म्हणून दाखवायचा. कल्पना प्रफुल्लची. त्याची धाकटी बहीण जन्मापासून अंध. ती शेवाळेबाईंच्या हाताखाली शिकून आता एका बँकेत टेलिफोनवर कामाला होती. त्यामुळे मराठी आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्नच आला नाही. इंदुमती शेवाळे स्वतः अंध, अंधशाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवत होत्या, आणि त्यांचा उच्चार असा की ‘कृपा’ आणि ‘क्रिया’ यांतला फरक ऐकूनच कळावा.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही गाळ्याच्या कोपऱ्यात गोधड्या टांगल्या होत्या. शेजारची प्रेस दिवसभर धाडधाड आपटायची, फक्त दुपारी एक ते दोन बंद असायची. तेवढा एक तास आमचा. बाई सव्वाबाराच्या बसनं येत, मांडीवर ब्रेलचे कागद घेऊन गोधड्यांच्या आत बसत आणि एकेक आवाज देत. क्य, क्र, क्ल, क्व. अकराशे जोडाक्षरांचे आवाज त्यांनी दोन महिन्यांत दिले. घाम पुसत बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, “उद्या ‘ज्ञ’ घेऊ. त्याला निवांत वेळ लागतो.”

आणि ते अकराशे आवाज माझ्या कॉम्प्युटरवर नुसते पडून होते.

पाटीतल्या चिपमध्ये एकूण जागा दोन मेगाबाइट. पाटीचा सगळा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, मी माझ्याच एका छोट्या भाषेत लिहिला होता. त्या भाषेत लिहिणाऱ्याला जागेची काळजी करावी लागत नसे. वस्तू हवी तेव्हा तयार करायची, नको झाली की सोडून द्यायची. मागून एक सफाई चालत येई, टाकलेल्या वस्तू उचले आणि उरलेल्या सरकवून एका बाजूला लावून ठेवी. सोय मोठी होती, पण तिची किंमत होती. प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर सोळा बाइटची एक चिठ्ठी लावावी लागे, तिला हेडर म्हणतात. ही वस्तू कुठल्या जातीची, तिचा ओळख-क्रमांक काय, तिला कुणी कुलूप लावलंय का, सफाईनं तिला पाहिलंय का, असं सगळं त्या चिठ्ठीत. मोठ्या यंत्रात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण माझ्या पाटीत एकेक अक्षर, एकेक आवाजाचा तुकडा ही वेगळी वस्तू होती. आत आंतर्देशीय पत्राएवढा मजकूर आणि वर पोत्याएवढं पाकीट, असा प्रकार. अशा साठ हजार वस्तू. मी एका सकाळी कागदावर मांडलं तेव्हा कळलं की दोन मेगाबाइटमधली जवळजवळ निम्मी जागा नुसत्या चिठ्ठ्यांनी खाल्ली आहे.

“हेडर सोळाचं चारवर आणलं तर?” मी प्रफुल्लला विचारलं.

“किती सुटेल?”

“सातशे किलोबाइट. सगळी जोडाक्षरं बसतील.”

तो खुर्चीवरून उठलाच. “नक्की सातशे?”

“झालं तर सातशे. पण भाषेची मुळंच उकरायला लागतील. तीन-चार महिने जातील.”

“घे. चार घे. दुसरं कुठलंच काम मी तुला सांगणार नाही.” त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. “खैरनार, तू हे केलंस ना, तर सगळ्या देशात जाईल आपली पाटी.”

त्याचा तो उत्साह मला बाईंच्या जोडाक्षरांसाठी वाटला.

मग मी लागलेच. पाटीवर एका वेळी एकच काम चालतं, तिथं कुलूप कशाला? ते चार बाइट गेले. वस्तूंच्या जाती सगळ्या मिळून दोनशेसुद्धा नव्हत्या. मग जातीचा लांबलचक पत्ता कशाला, एक बाइटचा नंबर पुरे. सफाईच्या खुणांना काही बिट पुरत होते. राहिला ओळख-क्रमांक. तो शंभरातल्या पाच वस्तूंनाच कधीतरी लागे, आणि बाकीच्या पंच्याण्णव उगाच त्याचं ओझं वाहत. म्हणून मी ठरवलं की क्रमांक चिठ्ठीत ठेवायचाच नाही. कुणी विचारलाच तर वस्तू त्या क्षणी जिथं बसली आहे त्या जागेवरून काढून द्यायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, पाटी पहिल्यांदा “पुस्तक” म्हणाली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “‘प्रश्न’.” पाटी म्हणाली, “प्रश्न.” मग आम्ही दोघी एकामागून एक शब्द घालत सुटलो. वृत्त, चंद्र, उत्क्रांती, स्वातंत्र्य, दुष्प्राप्य. बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

तेवढ्यात पाटी ‘चंद्र’ या शब्दाला “चक्र” म्हणाली.

पुन्हा घातला तर बरोबर. पुन्हा वीस शब्दांनी ‘पुस्तक’चं “पुष्कळ” झालं. आणि मग दहा मिनिटं काहीच चुकलं नाही.

असली चूक सगळ्यांत वाईट. समोर ये म्हटलं की येत नाही. मी पंधरा दिवस तिच्यामागं होते. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी आपली ब्रेलची पाटी आणि टोचा घेऊन आल्या आणि माझ्या बाजूला बसल्या. मी शब्द घालायची, त्या ऐकायच्या आणि प्रत्येक शब्द टोचून ठेवायच्या, चुकला की शेजारी एक खूण. एक ते दोन हा तास संपून प्रेस सुरू झाली तरी पाटी कानाशी धरून त्यांचं चालूच. पंधराव्या दिवशी त्यांनी ते सगळे कागद बोटांनी वरून खाली वाचले आणि म्हणाल्या, “नीलिमा, एक सांगू का? मला तुझ्यातलं काही कळत नाही. पण नवा शब्द कधीच चुकत नाही. आधी एकदा विचारलेला शब्दच पुढं चुकतो. कागदावर एकसुद्धा अपवाद नाही.”

तीच तर गोम होती. एकदा विचारलेला शब्द म्हणजे ज्याचा ओळख-क्रमांक आपण जागेवरून काढून दिला तो. नंतर सफाई येऊन त्या वस्तूला दुसरीकडं सरकवते. जागा बदलली, म्हणजे क्रमांक बदलला, आणि जुन्या क्रमांकानं शोधायला गेलं की भलत्याच खणातला आवाज हाताला लागतो. मी त्याची तजवीज केली होती, पण अर्धीच. वस्तू पहिल्यांदा हलली की जुना क्रमांक तिच्या शेपटीला बांधून देत होते. दुसऱ्यांदा हलली की ती शेपटी तिथंच राहत होती.

दोन ओळींची दुरुस्ती. केली, आणि बाईंना म्हटलं, “आता दिवसभर घाला.” त्यांनी तीन दिवस घातले. साडेचार हजार शब्द. एकही चुकला नाही.

“कागदावर माझं नाव लाव हं कुठंतरी,” त्या थट्टेनं म्हणाल्या. मी खरंच लावलं. त्या दोन ओळींच्या वर मी मराठीत लिहून ठेवलं, ‘ही चूक शेवाळेबाईंनी पकडली.’

डिसेंबरच्या मध्याला मी तयार झालेला सगळा कार्यक्रम प्रफुल्लच्या हवाली केला. तो पाट्यांत भरायचं काम त्यानं अंबडच्या एका कारखान्याला दिलं होतं. चार जानेवारीला, ब्रेल दिनाला, शाळेत कार्यक्रम ठरला. पहिल्या चाळीस पाट्या बाईंच्या शाळेला द्यायच्या. मी एकदा म्हटलं, “भरलेली एक पाटी आणून दे ना, बघते.” तो म्हणाला, “खोक्यात सीलबंद आहेत गं. तुझ्याच कार्यक्रमावर तुझा विश्वास नाही का?” मला तेही कौतुकच वाटलं.

शाळेच्या सभागृहात सतरंज्या घातल्या होत्या. दीडशे मुलं, पालक, दोन फोटोग्राफर. आणि पहिल्या रांगेत सूट घातलेले दोघं होते, ते दिल्लीहून आलेत एवढंच मला कळलं. बाई व्यासपीठावर बसल्या होत्या, मोरपंखी साडी नेसून. त्यांनी आदल्या दिवशी मला फोन करून विचारलं होतं, रंग कुठला चांगला दिसेल म्हणून.

मुख्याध्यापकांनी दोन शब्द बोलून घेतले आणि चौथीतल्या कविता गांगुर्डेला पुढं बोलावलं. ती मुलगी पाटी हातात आल्यावर आधी सगळी चाचपून मोकळी झाली. बाई माइकवर म्हणाल्या, “कविता, ‘चंद्र’ लिही.”

मुलीनं भराभर कळा दाबल्या.

पाटीतून एका परक्या, गुळगुळीत बाईचा आवाज आला, “सॉरी. प्लीज ट्राय अगेन.”

मुलीनं पुन्हा लिहिलं. “सॉरी. प्लीज ट्राय अगेन.”

मुलं हसली. मी उठून पुढं गेले, पाटी तिच्या हातातून घेतली, दुसरं खोकं फोडलं, तिसरं फोडलं. सगळ्यांतून तीच बाई. तोवर प्रफुल्ल माइकपाशी पोचला होता. “मुलांनो, आपली पाटी आता इंग्रजी शिकवणार बरं का! कविता, सी, ए, टी लिही बघू.” कवितानं लिहिलं. “कॅट,” पाटी म्हणाली. दिल्लीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बाई खुर्चीवर ताठ बसून होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली आणि माइक समोर आहे हे विसरून हळूच विचारलं, “नीलिमा, माझा आवाज कुठंय?”

ते सगळ्या सभागृहात ऐकू गेलं.

प्रफुल्लला मी शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“काय केलंस तू हे?”

“ओरडू नको. आत पाहुणे आहेत.”

“माझ्या कार्यक्रमातली मराठी कुठं गेली?”

“काढली. इंग्रजीचा शब्दकोश घालायला जागा लागली. दोन्ही बसत नाहीत, तुला माहितीये.” तो शांत होता. “हे बघ, मराठी पाट्या किती जाणार? राज्यातल्या शाळा मोजून बघ. दिल्लीच्या संस्थेला देशभरासाठी हवीये, इंग्रजीत. त्यांची अट एकच होती, हीच स्वस्तातली चिप पाहिजे. सातशे किलोबाइट सुटले तरच ते जमत होतं.”

“कधी ठरलं हे?”

तो दुसरीकडं बघायला लागला.

“प्रफुल्ल, कधी ठरलं?”

“जुलैत.”

मी हेडरला हात घातला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे मी तो कागद घेऊन त्याच्याकडं गेले आणि तो खुर्चीवरून उठला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ही माणसं होती.

“मला सांगायचं तरी होतंस.”

“सांगितलं असतं तर तू जागा काढली असतीस?” तो म्हणाला. “खरं सांग. चार महिने मान मोडून बसली असतीस? तू बाईंसाठी बसलीस. मला माहीत होतं तू बाईंसाठीच बसशील.”

त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानं मला नीट ओळखलं होतं, आणि ती ओळख वापरली होती.

“तुझी बहीण यांच्याच हाताखाली शिकली,” मी म्हटलं.

“म्हणूनच पहिल्या चाळीस पाट्या इथं दिल्या ना. फुकट दिल्या.” आणि तो आत पाहुण्यांकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा घेऊन गाळ्यावर गेले. मनाशी ठरवलं होतं की हेडरचं तंत्र माझ्या डोक्यात आहे, ते पुन्हा लिहिता येईल; बाईंचे रेकॉर्ड केलेले आवाज तेवढे घ्यायचे आणि कुठल्या तरी कॉलेजच्या मदतीनं मराठी पाटी वेगळी काढायची. प्रफुल्लनं राजीनामा ठेवून घेतला. आवाजांचं बोलल्यावर मात्र त्यानं कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. दोन पानी, इंग्रजीतला. दुसऱ्या पानाच्या तळाशी बाईंची सही.

“हे तुला नवीन नाही,” तो म्हणाला.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. आतापर्यंत ती मी टाळली.

तो कागद बाईंना मीच वाचून दाखवला होता. जूनमध्ये, रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी. एक वाजत आला होता, प्रेस बंद व्हायची वेळ, आणि प्रफुल्ल घाई करत होता. “उरक खैरनार, तास वाया जाईल. पुढचं सगळं नेहमीचंच आहे.” मी पहिलं पान मराठीत सांगितलं, म्हणजे काय रेकॉर्ड होणार, किती दिवस, कशासाठी. मग पान उलटलं. दुसरं पान मी वाचलं, पण मनातल्या मनात. आवाजाचे सगळे हक्क कंपनीचे. पुढची पंधरा वर्षं अशा प्रकारच्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राला त्यांनी आवाज द्यायचा नाही. मला ते जरा खटकलं. पण कंपनी म्हणजे आम्हीच की, आम्ही थोडंच बाईंच्या वाईटावर आहोत, असं म्हणून मी कागद त्यांच्या हाताखाली सरकवला, पेन दिलं आणि बोट धरून सहीची जागा दाखवली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. इंग्रजी पाटी खूप खपली. खूप मुलांना तिचा उपयोगही झाला, हे मी नाकारत नाही. प्रफुल्लनं तीन वर्षांनी कंपनी विकली. माझं ते चार बाइटचं हेडर अजून कुठं कुठं चालू आहे असं ऐकते. बाईंच्या नावाची ती ओळ त्यात राहिली की कुणी पुसली, मला माहीत नाही. मी पुन्हा पुण्याला नोकरी धरली. वेगळी मराठी पाटी निघाली नाही. मी एक वकील गाठला होता, तो म्हणाला, सही आहे, समोर वाचून दाखवल्याचं लिहिलंय, वाचून दाखवणाऱ्याचीही सही आहे. ती माझी होती.

पुण्याला जायच्या आधी मी बाईंना भेटायला शाळेत गेले. मधली सुट्टी होती. त्या वर्गात एकट्याच टेबलाशी बसून डबा खात होत्या. माझी चाहूल लागली तशी त्यांनी डबा मिटला.

“बाई, मी आहे. नीलिमा.”

“हो. बस.”

मी उभीच राहिले. प्रफुल्लनं काय केलं ते सगळं सांगितलं. जुलैचं, दिल्लीचं, माझ्याकडून जागा कशी काढून घेतली त्याचं. त्या ऐकत होत्या. मग मी कागदाचं सांगितलं. हे सांगायला मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती, ती काही आठवली नाहीत. एवढंच म्हणाले, “दुसरं पान मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही.”

“माहितीये मला,” बाई म्हणाल्या.

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पान उलटल्याचं मला ऐकू आलं होतं. नंतर तू बराच वेळ गप्प होतीस. मग माझ्या हाताखाली कागद आला.”

खिडकीबाहेर मुलांचा गलका चालला होता. मी विचारलं, “मग तुम्ही सही का केलीत, बाई?”

“विचारणार होते मी, पुढं काय लिहिलंय म्हणून. तोंडावर आलं होतं.” त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. “मग म्हटलं, नको. नीलिमाला वाटेल, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही. पोरीला उगाच वाईट वाटेल.”

घंटा झाली. मुलं भिंतीला हात लावत एकेक करून आत यायला लागली. कविता गांगुर्डे पहिल्या बाकापाशी येऊन थांबली. वर्गात कुणी वेगळं माणूस आहे हे तिला जाणवलं असावं.

“बाई, कोण आलंय?”

“कुणी नाही गं,” बाई उठून उभ्या राहत म्हणाल्या. “त्या पाटीवाल्या मॅडम आल्या होत्या. निघाल्यात त्या.”